तीन वर्षांची सनद

आमच्या माजघराच्या भिंतीवर दोन सनदा चौकटींत टांगल्या आहेत. एक माझी, मॅट्रिकची; दुसरी माझ्या पुतण्याची. माझी पिवळी पडली, तिचा कोपरा वाळवीनें खाल्ला, तरी तिचें मोल उणें झालें नाहीं. तिच्या आणि पाठशाळेंतल्या संस्कृताच्या बळावर मीं पस्तीस वर्षें मुलें शिकविलीं. पुतण्याची अजून कोरी करकरीत दिसते. पण ती केव्हांच रद्द झाली आहे! रेड हॅट कंपनीची ती सनद अवघीं तीन वर्षें चालते. हें प्रथम ऐकलें तेव्हां मला हंसूं आलें. विद्येला कोठें मुदत असते काय?

तें हंसूं फार दिवस टिकलें नाहीं. पुतण्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर. कंपनीचे सर्व्हर अहोरात्र चालू ठेवणें हें त्याचें काम. वीस वर्षें त्यानें तें निष्ठेनें केलें. मध्यरात्रीं फोन वाजला कीं सदरा अंगांत घालून हा निघालाच. त्याचीं सारीं यंत्रें सेंटओएस ७ ह्या प्रणालीवर चालत, आणि तिची डागडुजी ३० जून २०२४ रोजीं कायमची थांबावयाची होती. तेव्हां कंपनीनें ठरविलें कीं, आतां स्वतःचीं यंत्रें ठेवावयाचींच नाहींत. सारें काम भाड्याच्या यंत्रांवर, क्लाऊडवर न्यावयाचें. तें ज्याला साधेल तो राहील.

त्या रात्रीं पंक्तीला बसून तो भात नुसता चिवडीत होता. "काका, चव्वेचाळिसाव्या वर्षीं पुन्हां श्रीगणेशा?" घराचा निम्मा प्रपंच त्याच्या पगारावर. मला उत्तर सुचेना. कारण शाळेचीं निकालपत्रकें संगणकावर गेलीं तेव्हां मीही असाच अडून बसलों होतों. "माझें अक्षर मोत्यासारखें, मला यंत्र कशाला?" म्हणून मीं वही सोडली नाहीं. मी निवृत्त होईपर्यंत माझ्या वर्गाचे गुण एक तरुण शिक्षिका शाळा सुटल्यावर बसून यंत्रांत भरीत असे. तिच्या किती संध्याकाळी माझ्या अभिमानानें गिळल्या! ही गोष्ट मीं त्या रात्रीं प्रथमच घरांत सांगितली.

पुढें सहा महिने तो पहाटे चारला उठे. मीही शेजारीं जाऊन बसें. पूर्वीं एकेका यंत्राला निरनिराळ्या आज्ञा द्याव्या लागत. आतां यंत्र कसें असावें हें एकदां लिहून ठेवावयाचें. मग २०१२ सालीं निघालेलें ॲन्सिबल नांवाचें साधन त्याबरहुकूम शंभर यंत्रें सारखीं करून देतें, आणि जें मुळांतच बरोबर आहे त्याला हात लावीत नाहीं. २०१९ पासून त्या सनदेची परीक्षाही ह्याच साधनावर आधारलेली आहे. घोकंपट्टीला तेथें वाव नाहीं. प्रत्यक्ष यंत्रावर काम करून दाखवावें लागतें.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानांत आली. तो अडखळे तो नव्या शब्दांशीं. कांहीं बिघडलें कीं जुनें ज्ञानच धांवून येई. फाईल वाचण्याचा अधिकार कोणाला, कोणती प्रक्रिया अडली, नांवावरून यंत्राचा पत्ता कां सांपडत नाहीं, हे प्रश्न भाड्याच्या यंत्रांतही तेच. युनिक्सचा जन्म १९६९ चा, लिनक्सचा १९९१ चा. रूपें बदललीं, धातु तेच राहिले.

आमच्या व्याकरणांत पाणिनि, कात्यायन आणि पतंजलि हे तीन मुनि. त्यांचा मतभेद होईल तेथें नंतरच्या मुनीचें मत प्रमाण मानावें, असा संकेत आहे. त्यामुळें पाणिनीला उणेपणा येत नाहीं. सूत्रेंच नसतीं तर वार्तिकें कशावर लिहिलीं असतीं? हा संकेत मीं जन्मभर मुलांना शिकविला, पण स्वतःच्या वहीला लावला नाहीं.

पुतण्याला नवी सनद मिळाली, नोकरीही टिकली. मीं चौकट आणावयास निघालों तों तो म्हणाला, "काका, कांच नको. तीन वर्षांनीं पुन्हां काढावयाचीच आहे." म्हणून ती तिसरी सनद आम्हीं दोघींच्या शेजारीं साध्या टांचणीनें लावली आहे.