घाटाखालचं ऊन

राजूर घाट उतरून मोताळ्याकडे निघालं की बुलढाण्याची हवा मागे राहते आणि झळा अंगावर येऊ लागतात. आमचं गाव घाटाखाली, नांदुरा तालुक्यात. पूर्णेच्या या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, पण त्याची धास्ती कुणी घेत नाही. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, घरी कैरीचं पन्हं, एवढं केलं की झालं. "उन्हाले भ्याले तं पोट कसं भरन?" असं शेजारच्या काकू म्हणायच्या.

नवतप्यात एक दिवस काकू कामाला गेल्या नाहीत. टिनाच्या घरात पडून होत्या. वीज गेलेली, कूलर बंद. दुपारी हाक दिली तर त्या भलतंच बरळू लागल्या. अंग फणफणलेलं. कुणी तळपायाला कांदा चोळू लागलं, कुणी पाण्याचा पेला तोंडाला लावला. गावच्या आशा सेविका ताईंनी तो लगेच बाजूला करायला लावला, कारण शुद्धीत नसलेल्या माणसाला पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. आम्ही काकूंना निंबाखाली आणलं, लुगड्यावर पाणी ओतलं, मानेवर-काखेत ओली फडकी ठेवली, सुपानं वारा घातला आणि १०८ला फोन केला. काकू वाचल्या.

"उन्हात गेलीच नव्हती, मग ऊन लागलं कसं?" गाव विचारत राहिलं. आमची खरी गफलत इथंच आहे. बातमीतलं तापमान सावलीत मोजलेलं असतं. तापलेल्या टिनाखाली ते त्याहून चढतं आणि घर रात्रीही निवत नाही. वय झालं की तहान कमी लागते, घामही कमी येतो. पन्हं आणि दुपट्टा उपयोगाचे आहेतच, पण खिशातला कांदा अंगातली उष्णता उतरवत नाही. आणि दुपारी सावलीला बसणं मजुराच्या हाती नसतं. ज्यांच्या शेतात मजूर राबतात, त्यांनी पहाटे काम सुरू करून उन्हं चढायच्या आत थांबवावं, मजुरी मात्र पुरी द्यावी.

उन्हाळ्यात रोज दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला एक हाक द्या. उत्तर भलतंच आलं, तर त्याला सावलीत आणून आधी अंग भिजवा, वारा घाला आणि लगेच १०८ला फोन लावा.