पत्रीचा खिळा आणि कालव्याचं पाणी

८ डिसेंबर २०२४, बारामती
कारखान्यांची धुराडी पेटली की आमच्या भागात पंक्चरचाही हंगाम सुरू होतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, सगळीकडे गाळप चालू आहे आणि इंदापूर रस्त्याला उसाच्या बैलगाड्यांची रांग आहे. बैलांच्या खुरांना मारलेली पत्री डांबरावर झिजते, निखळते आणि तिचे खिळे रस्त्यावर राहतात. आज ताईकडे निमगाव केतकीला निघालो होतो, तर सणसरजवळ चेतकचं मागचं चाक बसलं. टायरमध्ये तसलाच खिळा, डोकं झिजून चपटं झालेला.

पंक्चरवाला शोधत गाडी ढकलावी लागली नाही, याचं श्रेय एका इटालियन माणसाला. वेस्पा ज्याने आखली तो कोराडिनो द’आस्कानियो विमानांचा इंजिनिअर होता, मोटरसायकली त्याला मुळीच आवडत नसत. १९४६ साली त्याने पुढचं चाक दोन्ही बाजूंनी फोर्कमध्ये न अडकवता विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. मागचंही तसंच. पाच नट सोडले की चाक हातात येतं आणि स्टेपनी पुढे-मागे कुठेही बसते. बजाजने पियाज्जोच्या परवान्यावर स्कूटर करायला घेतली आणि १९७२ ला चेतक आली, तीही याच पद्धतीची. १३ चा पाना, गाडी जरा कलती करायला एक माणूस आणि खाली घालायला एक जुनं पोतं. रस्त्याकडेला रस पीत उभा असलेला एक जण न सांगता आला आणि त्याने गाडी धरली.

संध्याकाळी घरी ट्यूबला पॅच मारला. चेतकचं रिम दोन भागांचं असतं, मधल्या नटांनी जोडलेलं. ते उघडण्याआधी ट्यूबमधली हवा पूर्ण सोडायची. हवा असताना नट सोडले तर दोन्ही भाग उसळून तोंडावर येतात. हे कुठल्याही पुस्तकाआधी शेजारच्या तात्यांनी मला शिकवलं. तात्या वालचंदनगरला फिटर होते. तिथे साखर कारखान्यांची यंत्रं होतात, तशी इस्रोच्या रॉकेटच्या मोटरची कवचंही होतात. त्यामुळे नट किती आवळायचा हा विषय त्यांच्यासमोर काढला की अर्धा तास जातो.

१५ डिसेंबर
कालव्याच्या कडेला ऊसतोड टोळीच्या कोप्या पडल्या आहेत. बीडकडची माणसं. रात्री जेवणानंतर चालायला गेलो, तर एक जण टायरगाडीचं चाक काढून बसला होता आणि त्याची बायको बॅटरी धरून. सामान एका डालडाच्या डब्यात: सोल्युशन, जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे, कानशीचा तुकडा, व्हॉल्व्ह. त्याने ट्यूब घासली, सोल्युशन लावलं आणि मग बराच वेळ काहीच केलं नाही, तंबाखू मळत बसला. घाईत पॅच चिकटवणारे इथेच चुकतात. सोल्युशन हाताला चिकटेनासं झालं की मगच पॅच दाबायचा. शेवटी थुंकीचं बोट व्हॉल्व्हवर ठेवून बुडबुडा येतो का बघितलं. “धरली,” म्हणाला.

मी विचारलं, इथे जवळच दुकान आहे, तिथे का देत नाही? “सर, पहाटे तीनला गाडी फडात लागते. दुकानदार नऊला शटर उघडतो.” बाईने बॅटरी बंद केली, सेल वाचवायला.

२० जानेवारी २०२५
शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात ‘कृषिक’ बघून आलो. गर्दी कृत्रिम बुद्धिमत्तेवर वाढवलेल्या उसापुढे. ऊस खरोखर जाड आहे. मी मात्र ठिबकच्या फिल्टरच्या स्टॉलवर रेंगाळलो आणि ताईसाठी चकतीच्या फिल्टरची ओ-रिंग घेतली.

११ फेब्रुवारी
गीझर पाणी तापवायला दुप्पट वेळ घेतोय, वर आवाजही करतोय. ही म्हणाली, नवा घेऊ. मी म्हटलं, उघडून तर बघू. एमसीबी पाडली, टेस्टरने खात्री केली, पाणी काढून टाकलं आणि खालची प्लेट सोडली. कॉइल दिसेचना. तिच्यावर पांढऱ्या क्षाराचा बोटभर जाड थर. उष्णता आधी त्या थरातून जाणार, मग पाण्यात. हातोडीने ठोकून थर काढू नये, कॉइलच्या नळीला चीर जाते आणि मग गीझरला हात लावताच झटका. कॉइल लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात बादलीत बुडवून ठेवली. रात्रभर फसफस चालू होती. सकाळी थर बोटाने सुटला. गॅस्केट नवं टाकलं, कारण जुनं एकदा दबलं की पुन्हा धरत नाही.

हा थर आला कुठून ते सांगायचं तर १८८५ पर्यंत मागे जावं लागेल. त्या साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि दुष्काळी बारामती-इंदापूरला पाणी आलं. पुढे त्यावर ऊस आला, कारखाने आले. पण काळ्या जमिनीला वर्षानुवर्षं पाट भरभरून पाणी दिलं की खालची पातळी चढते. पाणी वर येऊन उडून जातं, क्षार तिथेच राहतात. चोपण जमिनीचा प्रश्न इथे इंग्रजांच्या काळातच उभा राहिला आणि त्यावरचे प्रयोगही याच भागात झाले. कालव्याचं पाणी स्वतः गोडं आहे. नळाला ते येतं तेव्हा बादलीला डागसुद्धा पडत नाही. उन्हाळ्यात नळ आटतो, आम्ही बोअर चालू करतो आणि ते जड पाणी गीझरमध्ये, शॉवरच्या भोकांत, फ्लशच्या बॉलकॉकमध्ये बसतं. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय की गीझरची सर्व्हिसिंग वर्षातून एकदा करावी. ते पुस्तक लिहिणाऱ्याने आमच्या बोअरचं पाणी पाहिलेलं नाही.

नळांचंही तेच. गळणारा नळ लोक जोर लावून आवळतात, त्याने वायसर आणखी कापला जातो. स्पिंडल काढून वायसर बदलला आणि सीटवरचा क्षार कापडाने पुसला की काम होतं. सगळ्यात आधी मात्र वरच्या टाकीचा कॉक बंद करायचा.

९ मार्च, निमगाव केतकी
ताईच्या विहिरीवरची मोटर बंद. भाचा म्हणाला, “मामा, जळाली बहुतेक, रिवाइंडिंगला टाकू.” आमच्याकडे मोटर बंद म्हणजे जळाली, हे गृहीतच असतं, आणि बऱ्याचदा खरंही. थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. एखादा फेज गेला तरी लोक कंडेन्सर लावून मोटर दोन फेजवर ओढतात. उरलेल्या गुंडाळ्यांवर लोड वाढतो, त्या तापतात. स्टार्टरमधला रिले याचसाठी असतो, पण तो सारखा ट्रिप होतो म्हणून त्याची चकती पुढे सरकवून ठेवतात. ताईच्या स्टार्टरमध्येही ती शेवटच्या आकड्यावर होती. कोणी ठेवली, यावर घरात कोणी बोललं नाही.

मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात घातले. दुसऱ्या कोणी येऊन मेन चालू केला तरी वीज येऊ नये म्हणून. मग मोटरच्या वायरी सोडून वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये सिरीज बल्ब लावून बघितला. पेटला नाही. म्हणजे वाइंडिंग बॉडीला शॉर्ट नाही. वाससुद्धा नव्हता, आणि जळलेल्या वाइंडिंगचा वास लपत नाही. दोष स्टार्टरमध्ये निघाला: कॉन्टॅक्टच्या एका पॉइंटवर काजळी आणि त्यावर एक मुंगी चिकटलेली. पॉइंट घासले, रिलेची चकती मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या ॲम्पिअरवर आणली.

मोटर फिरली, पण पाणी उचलेना. मग फुटव्हॉल्व्ह. तो वर ओढायला भाचा, त्याचा मित्र आणि मी. जाळीत उसाच्या पाचटाचे तुकडे आणि झडपेखाली एक खडा. खड्यामुळे झडप मिटत नाही, पाइपातलं पाणी विहिरीत परत जातं आणि पंप नुसती हवा ढवळतो. खडा काढला, चामड्याचा वायसर उलटा करून बसवला, नव्याला इंदापूरला जावं लागेल. पाइपात बादलीने पाणी भरलं, बटण दाबलं. दुपारी डाळिंबाला पाणी चालू.

ठिबकची तोंडंही क्षाराने बुजत चालली आहेत. पुढच्या वेळी ॲसिड सोडायचं. भाच्याला बजावलं: पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. ॲसिड सोडलं की लाइन रात्रभर तशीच ठेवायची, सकाळी शेवटची टोकं उघडून धुवायची.

१७ एप्रिल, बारामती
पंखा हळू फिरतोय. अडीच एमएफडीचा कंडेन्सर बदलला, ठीक झाला. कूलरच्या पॅडवर मीठ धरलंय. यात लिहिण्यासारखं एवढंच.

२६ मे
काल असा पाऊस झाला की मे महिना आहे हे खरं वाटेना. नीरा डावा कालवा पिंपळी-लिमटेकजवळ फुटला, पाणी पालखी महामार्गावर आलं. बारामती-इंदापुरात शेतं आणि घरं पाण्यात. आमच्या गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी होतं आणि दुचाक्या सीटपर्यंत बुडाल्या.

सकाळी पाणी उतरल्यावर प्रत्येक घरासमोर किकचा नाहीतर बटण स्टार्टचा आवाज. मी आणि तात्या गल्लीभर ओरडत फिरलो, “किक मारू नका! बटण दाबू नका!” सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आणला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. शंभर रुपयांच्या कामाचं पूर्ण इंजिनचं काम होतं. दोघांनी ऐकलं नाही.

मग कट्ट्यावर रांग लावली. आधी बॅटरीची एक वायर सुटी. मग प्लग काढायचा आणि हाताने किक हळूच दाबायची, भोकातून पाणी बाहेर फेकलं जातं. एअर फिल्टर काढून पिळायचा, कागदी असेल तर फेकायचा. खालचा ड्रेन बोल्ट सोडून ऑइल काढायचं. समोरच्यांच्या स्प्लेंडरचं ऑइल पांढरट, फेसाळ निघालं, म्हणजे पाणी आत गेलेलं. नवं ऑइल टाकून इंजिन थोडं चालवलं, तेही काढलं आणि पुन्हा नवं. पहिल्यांदा टाकलेलं ऑइल फक्त धुण्यापुरतं, त्याला महागडं कशाला?

माझी चेतक टू-स्ट्रोक, तिचं इंजिनाचं ऑइल पेट्रोलातच, लिटरला वीस मिलिलिटर. टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामं केलं, गिअरबॉक्सचं ऑइल बदललं, प्लग चुलीजवळ वाळवला. दुपारनंतर सुरू झाली, निळा धूर सोडत. बीएस-६ च्या दोन स्कूटरना आम्ही हातच लावला नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या या गाड्यांत पेट्रोल मोजून सोडणारा इंजेक्टर, सेन्सर आणि छोटा संगणक असतो. त्यांची बॅटरी तेवढी सोडून ठेवली. टेम्पोत घालून नेल्या त्यांच्या मालकांनी.

घरात आधी मीटरजवळचा मेन पाडला होता. खालच्या सॉकेटमधून पाणी निथळत होतं. सॉकेट उघडे ठेवले आहेत, वाळल्यावर एकेक सर्किट चालू करणार. ही चिडली आहे, फ्रीज बंद म्हणून. चिडू दे.

२४ जून
तुकोबांची पालखी येऊ घातली आहे. पुढे आलेल्या एका दिंडीचं सामान शाळेच्या पटांगणात उतरलं. त्यांच्या मोठ्या गॅसशेगडीचा जाळ पिवळा पडत होता, पातेली काळी होत होती. तात्यांनी जेट काढून फुंकला आणि हवेची कडी थोडी उघडली. जाळ निळा झाला. स्वयंपाक करणाऱ्या आजी म्हणाल्या, “बाबा, तुम्हाला पुढे बेलवाडीपर्यंत चला म्हणते.” तात्या खरंच निघाले.

१३ जुलै, निमगाव केतकी
भाच्याला बॅटरीची स्कूटर हवी आहे. वेस्पा आता बारामतीच्या एमआयडीसीतच तयार होते, २०१२ पासून. आणि चेतक हे नाव बजाजने बॅटरीच्या स्कूटरला दिलं. म्हणजे माझी वृद्ध गाडी आणि त्याची होणारी गाडी नात्यातल्या, पण एकीचा पाना दुसरीला चालत नाही. त्याचं गणित बरोबर आहे: पेट्रोल नाही, प्लग नाही, कार्ब्युरेटर नाही, बुडली तर काढायला ऑइलही नाही. जे नाही ते बिघडत नाही.

माझं म्हणणं एवढंच की बिघडेल त्याची माहिती मिळते का ते बघ. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. गाड्या, शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं, यांची दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी तिथे द्यावी म्हणून. हेतू चांगला. पण निमगावात ठिबक बंद पडल्यावर कोणी पोर्टल उघडत नाही, शेजाऱ्याला हाक मारतो. म्हणून भाच्याला सांगितलं, शोरूमला जाऊन विचार: आपल्या हाताने काय काय करता येईल?

तो आज विचारून आला. विक्रीवाल्याने कागदावर लिहून दिलं होतं: पुसणे, टायरची हवा बघणे, चार्ज करणे. बाकी उघडलं तर वॉरंटी जाईल.

ताईने कागद वाचला. “म्हणजे म्हशीइतकंसुद्धा आपल्या हातात नाही? म्हशीला निदान औषध तरी पाजता येतं.”

गाडी मात्र घ्यायची ठरलीच आहे, दसऱ्याला. वाड्यात चार्जिंगसाठी वेगळी लाइन ओढायची, तिला स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंग. अर्थिंगचा खड्डा भाचा उद्या खणणार आहे, कोळसा आणि मीठ मी बारामतीहून आणतो.