काकांची फियाट आणि पसरणीचा घाट

खंबाटकीचा घाट मागे टाकून एसटी सुरूर फाट्याला उजवीकडे वळली, की वाईचा माणूस खिडकीतून मान बाहेर काढतो. आता पांडवगड दिसणार, मग हळदीची शेते, मग कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती. रास्त्यांनी 1762 साली बांधलेल्या या देवळाची मागली भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचे पाणी दुभंगून जावे, देव जागचा हलू नये, हा हेतू. वाईची माणसेही थोडीफार अशीच. पाणी दोन्ही बाजूंनी जाऊ देतात, आपण हलत नाहीत.

आमचे काका या वाईकरांतले पहिल्या प्रतीचे. 2023 च्या दिवाळीत मी त्यांच्याकडे निघालो, तेव्हा माझ्या पिशवीत चिवडा-चकल्यांच्या खाली नाना पेठेतून घेतलेला एक पुडा होता. त्यात चार प्लग, त्यांच्या वायरी, पॉइंटचा जोड, कंडेन्सर आणि एक काळी टोपी. निमित्त झाले वर्तमानपत्राचे. त्याच ऑक्टोबराच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या फियाट टॅक्सींनी निरोप घेतल्याची बातमी वाचली आणि गंगापुरीतल्या जुन्या गोठ्यात धूळ खात पडलेली काकांची गाडी डोळ्यांपुढे आली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1978 ची प्रीमिअर पद्मिनी. पण घरात तिला कोणी पद्मिनी म्हटले नाही. ती फियाटच.

2008 पासून ती बंद होती. का, असे कोणी विचारले तर घरातले एकच उत्तर ठरलेले: "करंट गेलाय." काकांसारखा, चालत्या गाडीचा आवाज ऐकून कोणता प्लग रुसला आहे ते सांगणारा माणूस साधा करंट आणू शकत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते. मी बँकेतला माणूस. मला फक्त जमाखर्चातली चूक खटकते.

"मरू दे रे ती," काका म्हणाले. पण मी बाह्या सरसावून गोठ्यात शिरलो, तेव्हा तेही खुर्ची घेऊन दारात येऊन बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

पहिला दिवस उंदरांची घरटी काढण्यात गेला. प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडले आणि रात्रभर मुरू दिले. सकाळी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून शेजारच्या दोन पोरांनी ढकलली. इंजिन कुरकुरत का होईना, फिरले. आता करंट.

वाचकांपैकी ज्यांनी हल्लीच्याच गाड्या चालवल्या आहेत त्यांना सांगायला हवे, की जुन्या गाडीचा जीव एका वाटीएवढ्या डब्यात असतो. मेकॅनिक मंडळी त्याला डेल्को म्हणतात. हा शब्द मला लहानपणी अस्सल सातारी वाटे! पुढे कळले, की अमेरिकेत डेटन गावी 1909 साली चार्ल्स केटरिंगने भागीदारीत काढलेल्या कंपनीच्या नावातली ही अक्षरे. या डब्यात दोन चिमुकले पॉइंट एकमेकांना चिकटतात आणि सुटतात. ते सुटले, की कॉइलमधून बॅटरीच्या बारा व्होल्टांचे हजारो व्होल्ट होऊन बाहेर पडतात, आणि मधोमध फिरणारा रोटर, पंगतीत वाढप्याने वाढावे तसा, चार प्लगांना पाळीपाळीने करंट वाढतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर ठिणग्या. एकीलाही उशीर चालत नाही.

मी डेल्कोची टोपी उघडली. पॉइंट गंजून काळे पडले होते, ते अपेक्षितच होते. पण मधल्या दांड्यावर रोटरच नव्हता! नाना पेठेतला दुकानदार "रोटर जुनाच चालेल" म्हणाला, म्हणून मी तो घेतलाही नव्हता.

"काका, रोटर कुठाय?"

काका घाटाकडच्या बाजूला पाहत राहिले. मग उठले, आत गेले आणि दाढीचा पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात, मऊ फडक्यात गुंडाळलेला रोटर होता.

"मीच काढला होता," ते म्हणाले. "पसरणीच्या घाटात, वरच्या वळणावर, गिअर बदलताना हात थरथरला. गिअर पडलाच नाही. गाडी मागं सरकली. शेजारी ही बसलेली. ब्रेक लागला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी रोटर काढून ठेवला. गाडी बिघडली म्हटलं, की माणसाला कोणी काही विचारत नाही."

पंधरा वर्षे! काय बोलावे ते मला सुचेना. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला: "मला ठाऊक होतं. दर दिवाळीला तो पुसून परत गुंडाळून ठेवत होतं कोण?"

काका इतके चमकले, की हात मांडीखाली दाबायचे विसरले. ते थरथरणारे हात आम्ही तिघांनीही पाहिले, आणि मग कोणीच त्याबद्दल बोलले नाही.

पण त्यानंतर खुर्ची दारातून बॉनेटपाशी आली. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरला किंचित कमी हवी. मी पट्टी घालून फट लावायचो, स्क्रू आवळायचो, आणि आवळताना फट पुन्हा बदलायची. तीनदा असे झाले. "पट्टी ओढताना कोणी नुसतं बोट धरल्यासारखं वाटलं पाहिजे," काका म्हणाले. "सैल नको, घट्ट नको." चौथ्यांदा तसे वाटले. टायमिंगसाठी त्यांनी छोटा बल्ब जोडायला लावला. डेल्को तसूतसूने फिरवायचा, पॉइंट सुटला की बल्ब पेटतो, तिथेच आवळायचे.

वायरी मात्र मी कोणालाही न विचारता लावल्या. सेल्फ मारला तो तोफेसारखा बार झाला, आणि गोठ्यातली कबुतरे उडाली. "एक, तीन, चार, दोन!" काका ओरडले. "लहानपणी पाढ्यांबरोबर पाठ करून घेतलं होतं ना?" मी एक, दोन, तीन, चार लावले होते. बँकेत असाच क्रम असतो.

वायरी बदलल्या. डबकीतले ताजे पेट्रोल पंपाला जोडलेले होतेच. दोनदा खोकून फियाट सुरू झाली. काकांनी डोळे मिटून ऐकले. "तिसरा जरा मागं राहतोय," म्हणाले. तिसऱ्या प्लगची वायर सैलच निघाली.

पुढची कथा कंटाळवाणी. ब्रेक, रबरी नळ्या आणि टायर गावातल्या मेकॅनिकने बदलले. तपासणी, कर, विमा आणि नोंदणीचे नूतनीकरण यांत तीन-चार महिने गेले. शेवटी 2024 च्या मार्चमध्ये आम्ही तिघे पसरणीच्या घाटाला लागलो. पायथ्याचे पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचे गाव. तिथून वर पाचगणीपर्यंत वळणामागून वळण. डावीकडे कडा, उजवीकडे दरी, खाली धोमचे पाणी, मागे पांडवगड. काकू मागे, पुढे काका, हात मांडीवर मोकळे.

एका वळणावर ते हळूच म्हणाले, "इथं." मी दुसरा गिअर टाकला. तो पडला. गाडी वर चढली. काकूंनी मागून आवळासुपारीची डबी पुढे केली.

पाचगणीला चहा घेऊन संध्याकाळी परत आलो. गाडी गोठ्यात लावली. जुन्या सवयीने काकांनी बॉनेट उघडले.

"रोटर काढून ठेवू का?" मी विचारले.

"राहू दे," काका म्हणाले. "किल्ली तेवढी काकूकडे दे."