मेगाब्लॉक तरी सांगून येतो

मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग पहाटेपासून लागते. दादर स्टेशनच्या पुलावरून दुर्वा-जास्वंदीच्या पुड्या हातात घेतलेली माणसं दिवसभर उतरत राहतात आणि रात्री उशिरा कुठे प्रभादेवीची ती वर्दळ ओसरते. महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी याच सुमारास आणखी एक गोष्ट घडते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा, आणि मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या त्या महिन्याच्या दुरुस्त्या जगभर सोडते. २००३ सालापासून हा वार ठरलेला आहे. गिरगाव, परळ, लालबागमधले संगणक बुधवारी सकाळी सुरू होतात ते नवं काहीतरी घेऊनच. बहुतेक वेळा सगळं सुरळीत पार पडतं. ज्या दिवशी पडत नाही, त्या दिवशी त्या घराचा सारा दिनक्रम विस्कटतो.

आमच्या भागातल्या घरांत संगणक कोपऱ्यात कधी पडून राहिलाच नाही. दहा बाय बाराच्या खोलीत रिकामा कोपरा असतोच कुठे! २००१ मध्ये एमएस-सीआयटीचं संगणक-प्रशिक्षण सुरू झालं, सरकारी नोकरीसाठी त्याचं प्रमाणपत्र लागू लागलं, आणि चाळीचाळींतून हप्त्यांवर संगणक आले. शोकेस सरकवून टेबलाला जागा केली गेली. मॉनिटरवर विणलेलं कव्हर आलं, दसऱ्याला कीबोर्डलाही झेंडूचं फूल आणि हळदीकुंकवाचं बोट मिळू लागलं. मुलाचा प्रोजेक्ट, बाबांच्या पीएफचे कागद, ताईचा बायोडेटा, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, गणपतीच्या वर्गणीची यादी, सगळं त्या एका यंत्रात. मोबाइल आल्यावर बरंच काही तिकडे गेलं, तरी मोठं अक्षर आणि कागदावरची छपाई यांसाठी टेबलावरचा संगणक अजून लागतोच.

शेजारच्या काकूंची लेक मेलबर्नला असते. रविवारी दुपारी दोघींचं बोलणं ठरलेलं. अशाच एका रविवारी काकूंनी गॅलरीतून हाक मारली, “जरा येतोस का रे? हे नुसतंच गोल गोल फिरतंय.” जाऊन पाहिलं तर पडद्यावर ठिपक्यांचं चक्र, त्याखाली तीस टक्के, आणि संगणक बंद करू नका अशी इंग्रजीतली ताकीद. काकू इस्त्रीची साडी नेसून, केस विंचरून टेबलासमोर स्टुलावर बसल्या होत्या. शेजारी बशीत नातवाला दाखवण्यासाठी केलेली करंजी. तिसाचे एकतीस व्हायला किती वेळ लागला, ते तिथे बसलेल्यालाच कळेल. मध्येच पडदा काळा झाला, यंत्र आपोआप पुन्हा सुरू झालं, आणि मग केलेले बदल मागे घेतले जात असल्याची ओळ आली. शेवटी एकदाचा संगणक उघडला, तर कॅमेरा सापडेना. तोवर मेलबर्नला मुलाची झोपायची वेळ झाली होती. काकू हळूच म्हणाल्या, “मी कशालाही हात लावला नव्हता हं.”

मला राग आहे तो या वाक्याचा. काकूंचा नव्हे, ज्या व्यवस्थेने त्यांना हे वाक्य बोलायला लावलं तिचा. कुठल्या तरी दूरच्या कार्यालयात पुरेशी चाचणी न होता एक दुरुस्ती सुटते, आणि तिची शरम गिरगावातली एक सत्तरीची बाई स्वतःच्या डोक्यावर घेते. घरोघरी हेच होतं. “काय दाबलंस?” हा पहिला प्रश्न घरच्याच माणसाला विचारला जातो. मुलं आईवर चिडतात, नवरा बायकोवर, आणि ज्यांनी दुरुस्ती पाठवली त्यांच्यापर्यंत यातला एक शब्दही पोचत नाही.

म्हणून चुकांची नोंद मोठ्याने वाचायला हवी. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चं मोठं अपडेट आलं आणि काहींच्या डॉक्युमेंट्स व फोटोंचे फोल्डर त्यात पुसले गेले. चारच दिवसांत ते मागे घ्यावं लागलं. चाचणी करणाऱ्या काही जणांनी ही तक्रार आधीच नोंदवून ठेवली होती. ती कुणी वेळेवर वाचली नाही. दुरुस्त आवृत्ती आली १३ नोव्हेंबरला, म्हणजे त्या वर्षीचं लक्ष्मीपूजनही उलटून गेल्यावर. ९ मार्च २०२१ च्या अपडेटनंतर काही प्रिंटरवर छपाईचा हुकूम सोडला की संगणकच कोसळायचा. आठवड्याने त्यावर उपाय आला, पण छापलेल्या पानांतून चित्रं आणि बारकोड गायब होत राहिले; त्यासाठी आणखी एक उपाय पाठवावा लागला. फक्त विंडोजचंच असं नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलचं बिग सर हे अपडेट घेतल्यावर २०१३-१४ चे काही मॅकबुक प्रो काळ्या पडद्यावरच अडकले. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी आलेल्या विंडोज ११ च्या अपडेटने रिकव्हरीच्या पडद्यावर यूएसबीचा कीबोर्ड आणि माऊस बंद पाडले. संगणक बिघडला की माणूस ज्या पडद्याकडे धावतो, तिथेच त्याचे हात बांधले गेले. ती चूक सुधारायला २० तारीख उजाडली. यातल्या एकाही प्रसंगी कुणा काकूंनी काही चुकीचं दाबलेलं नव्हतं.

काही नुकसान तर असं असतं की त्याला बिघाड असं नावही मिळत नाही. मंगल हा देवनागरी फॉन्ट विंडोज २००० पासून संगणकात असायचा. आपल्याकडच्या कितीतरी मंडळांचे अहवाल, संस्थांची पत्रं, कार्यालयांची परिपत्रकं मंगलमध्येच टाइप झाली. विंडोज १० मध्ये तो मूळ संचातून काढून वेगळा मागवण्याच्या पुरवणी फॉन्टांत टाकला गेला. आता जुना अहवाल नव्या संगणकात उघडून पाहा. अक्षरं दिसतात, शब्दही बरोबर असतात, पण त्यांची रुंदी बदललेली असते. ओळी पुढे सरकतात. पानाच्या तळाशी नीट बसवलेली शुभेच्छुकांची जाहिरात अर्धी तुटून पुढच्या पानावर जाते. हिशेबपत्रकात जमा-खर्चाचा तक्ता एका पानावर आणि त्याची ‘एकूण’ची ओळ एकटीच दुसऱ्या पानावर. जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरची गत याहून वाईट: त्याचं डोंगल विंडोजच्या नव्या आवृत्तीने ओळखलं नाही, तर वर्षानुवर्षांच्या पत्रिका आणि स्मरणिका उघडतच नाहीत. गणपती तोंडावर आलेले असताना मंडळाच्या चिटणीसाने रात्रभर बसून अहवालाची पानं पुन्हा जुळवायची. ही मेहनत कुठल्याच कंपनीच्या खात्यात मांडली जात नाही.

अपडेटच नकोत, असं मात्र मी म्हणणार नाही. २०१७ च्या मार्चमध्ये विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारी दुरुस्ती आली होती. ती न बसवलेल्या यंत्रांत मे महिन्यात वॉनाक्राय हा व्हायरस घुसला. जूनमध्ये त्याच भगदाडाचाही वापर करणारा नॉटपेट्या आला आणि त्याने थेट आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबवलं. हाच नॉटपेट्या पहिल्यांदा पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे दुरुस्ती आवश्यक, आणि दुरुस्ती पाठवणाऱ्यावरची जबाबदारीही तेवढीच मोठी.

मुंबईच्या माणसाला दुरुस्तीचं वावडं नाही. तो दर रविवारी लोकलचा मेगाब्लॉक सोसतो. पण मेगाब्लॉक सांगून येतो. कोणत्या मार्गावर, कुठून कुठपर्यंत, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे शनिवारच्या पेपरात छापलेलं असतं, आणि त्या हिशेबाने माणूस लग्नाला निघतो किंवा घरी बसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाक पूल पाडण्यासाठी २७ तासांचा ब्लॉक झाला. भायखळा ते सीएसएमटी, वडाळा ते सीएसएमटी लोकल बंद राहणार, हे आधीच जाहीर झालं होतं. परळ-प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल एप्रिल २०२५ मध्ये बंद होणार होता. हरकती आल्या, रहिवाशांनी विरोध केला, तारीख पुढे गेली, आणि १२ सप्टेंबरला तो बंद झाला. त्रास टळला नाही, पण माणसांना बोलायला जागा मिळाली. चाळीचा पुनर्विकाससुद्धा सहसा रहिवाशांच्या संमतीपत्रांशिवाय पुढे सरकत नाही. मग घरात, पदरचे पैसे मोजून आणलेल्या यंत्राच्या बाबतीत आपल्याला एवढाही मान का मिळू नये?

त्यात आता जुनी यंत्रंच बाद ठरू लागली आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १० ची नियमित मोफत दुरुस्ती थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. लॅमिंग्टन रोडवरच्या कारागिराने एसएसडी बसवून, रॅम वाढवून ज्या संगणकाला उभारी दिली, तो उत्तम चालत असूनही या अटीत बसत नाही. चालती वस्तू टाकून देणं हे आमच्या घरांच्या वळणात बसणारं नाही, आणि बसूही नये.

माझी मागणी साधी आहे. सुरक्षेची दुरुस्ती आणि नवी सजावट वेगवेगळी पाठवा. पहिली घेऊ, दुसरी नाकारण्याचा हक्क द्या. काय बदलणार आणि किती वेळ लागणार, ते आधी आणि मराठीत सांगा. चुकलात तर त्याच पडद्यावर तसं कबूल करा, म्हणजे कुणाच्या आईला आपण अपराधी आहोत असं वाटणार नाही. आणि वाचकहो, तोपर्यंत एक काम आजच करा: घरातले फोटो, कागद, अहवाल एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ती कपाटात ठेवा, आणि संगणक अडला तर घरच्या माणसाला “काय दाबलंस?” असं विचारू नका.