रिपोर्ट निगेटिव्ह

माझं मराठी कॉन्व्हेंट छाप आहे, सांभाळून घ्या. पण ही गोष्ट मावशीने मला फोनवर मराठीतच सांगितली. ती कॅलिफोर्नियात नर्स आहे.

तिकडे १ जानेवारी २०२३ पासून 'टायलर्स लॉ' लागू झाला. नियम एवढासाच : हॉस्पिटलने पेशंटच्या निदानासाठी लघवीची ड्रग टेस्ट केली, तर तीत फेंटानिल तपासायलाच हवं. मी म्हटलं, यासाठी कायदा कशाला? ओव्हरडोसवाल्याचे ड्रग्ज तपासतच असतील की!

तपासायचे. पण नेहमीच्या टेस्टमध्ये नावं पाच : गांजा, कोकेन, अ‍ॅम्फेटामिन, पीसीपी, ओपिएट्स. ओपिएट्सची टेस्ट मॉर्फिनची ठेवण ओळखणाऱ्या अँटिबॉडीवर चालते. हेरॉइनचं शरीरात मॉर्फिन होतं, म्हणून ते सापडतं. फेंटानिलचं काम मॉर्फिनसारखंच, जोर सुमारे १०० पट, पण रेणू पूर्ण वेगळा. अँटिबॉडी त्याला ओळखतच नाही. आपल्या लॅबमध्ये मल्टीमीटर डीसीवर ठेवून एसी मोजला की शून्य दिसतं आणि कुणीतरी म्हणतंच, "सप्लाय बंद आहे रे." तसंच हे. फक्त इथे शॉक दुसऱ्याला बसतो.

टायलर १९ वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहून एक वर्षाने लहान. २०१८ मध्ये त्याला इमर्जन्सीत नेलं, टेस्टमध्ये काही निघालं नाही. त्यात फेंटानिल नव्हतंच. थोड्याच काळात तो फेंटानिलनेच गेला. पुढे त्याच्या आईने हा कायदा लावून धरला.

श्वास मंदावलेल्या पेशंटला नॅलोक्सोन द्यायला रिपोर्टची वाट कुणी बघत नाही, हे मावशीने दोनदा बजावलं. पण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो. पोरगा उठून बसतो, घरी जातो म्हणतो. त्याने खाल्लेल्या नकली गोळीत काय होतं, हे बऱ्याचदा त्यालाच माहीत नसतं. तेव्हा रिपोर्ट कामाला येतो.

मेरीलँडनेही २०२३ मध्ये असाच कायदा केला. मला तरीही एक गोष्ट खटकते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात नाव एकाच ड्रगचं. आता तिकडे फेंटानिलमध्ये झायलाझिन मिसळतात, जनावरांना गुंगी आणायचं औषध. त्यावर नॅलोक्सोन चालत नाही आणि फेंटानिलच्या टेस्टला ते दिसतही नाही.

"मग त्याचं काय गं?" मी विचारलं.

"त्याचं नाव कायद्यात नाही, बाळा," मावशी म्हणाली आणि ड्यूटीवर गेली.