फुटकी कवडी

सहावीतल्या एका मुलाला गणिताची वही परत देताना आम्ही रागाने म्हणालो, "या कामाला फुटक्या कवडीचीही किंमत नाही!" तो घाबरला नाही. "सर, कवडी म्हणजे काय?" त्याने विचारले. वर्ग हसला, आम्हांला मात्र चटकन उत्तर देता आले नाही. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, 'दो कौड़ी का' हे खूप ऐकलेले. पण कवडीत कधी काळी एक जीव राहत होता, हे समुद्रापासून दूर इंदुरात राहून मनातही आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी घरच्या देवीच्या परडीतल्या दोन कवड्या घेऊन वर्गात गेलो.

कवडी ही समुद्री गोगलगाय. लहानपणी तिचे कवच पातळ, साध्या शंखासारखे असते. वाढ पुरी होताना कड आत वळते, फटीला दात येतात. त्यानंतर कवच मोठे होत नाही, जाड होते. जिवंतपणी तिच्या अंगाचा मऊ पडदा फटीतून दोन्ही बाजूंनी वर येऊन कवच झाकून घेतो. नवा थर चढवतो तोही हा पडदाच. म्हणून कवडी न घासता चकाकते. मुलांना हे फार आवडले.

चलनातली पिवळट कवडी मुख्यतः मालदीवची. तिच्या शास्त्रीय नावातला 'मोनेटा' म्हणजे लॅटिनमध्ये नाणेच. बंगालहून तांदूळ घेऊन गेलेली जहाजे कवड्या भरून परतत. (हिंदीतली 'दूर की कौड़ी' खरोखरच दुरून येत असे!) चौदाव्या शतकात तेथे काझी असलेल्या इब्न बतूताने सोन्याच्या एका दिनाराला चार लाख, कधी बारा लाखही कवड्या, असा भाव लिहून ठेवला आहे. ओडिशात सारासुद्धा कवड्यांत भरत. कंपनी सरकारने चांदीचे रुपये मागितले तेव्हा लोक नाडले गेले; १८१७ च्या पाइक उठावामागे हेही एक कारण होते.

मग भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तले (इ.स. ११५०) कोष्टक फळ्यावर लिहिले. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. तर एका निष्काच्या कवड्या किती?

त्या मुलाने २०४८ लिहिले. आम्ही या वेळी काही बोललो नाही. त्यानेच पुन्हा गुणून पाहिले आणि राहिलेले शून्य भरले.

सुटीच्या घंटेला त्याने एक कवडी मागितली. ती आता त्याच्या कंपासपेटीत असते.