अंदाजाने ओतलेलं तेल

पावसाळ्यात सोसायट्यांच्या आवारातलं गवत कापायची कामं निघतात. म्हणून आम्ही दोघा भावांनी आईच्या बचत गटातून कर्ज काढून गवत कापायचं मशीन घेतलं. पेट्रोलमध्ये ऑईल घालायचं, एवढंच ठाऊक. घरात मोटारसायकलचं इंजिन ऑईल उरलेलं होतं, तेच अंदाजाने ओतत राहिलो. आधी धूर वाढला, मग प्लग काळा पडू लागला आणि ऐन हंगामात मशीन जाम झालं. हप्ता काही थांबला नाही. आई बोलली नाही, पण तिचा चेहरा आम्हाला पाहवेना.

मेकॅनिकने सिलिंडर खोलून पिस्टनवरचे ओरखडे दाखवले. म्हणाला, "दादा, टू-स्ट्रोकमध्ये ऑईलचा वेगळा साठा नसतो. पेट्रोलबरोबर जातं तेच वंगण, आणि तेच जळतं. मोटारसायकलचं ऑईल जळून राख ठेवतं."

वाचक बंधू-भगिनींनो, डब्यावर 'टू-स्ट्रोक' आणि जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं पाहा. एफडी इंजिन आतून जास्त स्वच्छ ठेवतं. टीसी-डब्ल्यू ३ हे पाण्याने थंड होणाऱ्या बोटीच्या इंजिनाचं, ते नको. प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असतं : ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. कमी पडलं तर पिस्टन घासतो, जास्त झालं तर काजळी धरते. इथेनॉलचं पेट्रोल ओलावा ओढतं, म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करावं.

आता पुस्तिका वाचून धाकटी बहीण माप सांगते, मगच आम्ही ओततो. कर्ज उशिरा का होईना, फिटलं.